अकरा फेब्रुवारीचा धूर

रात्रीच्या मुक्कामाची जागा निवडणं ही एक विद्या आहे, आणि ती फक्त मला येते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतो. चौतीस वर्षं मी वजनमापं तपासणारा निरीक्षक होतो. दुकानदाराचा तराजू नुसता दारातून पाहिला तरी कुठलं पारडं किती झुकतंय ते मी सांगत असे. एकदा तर एका दुकानात शिरताना मला शिंक आली, आणि त्या वाऱ्याने काटा जेवढा हलला त्यावरून मी ओळखलं की डाव्या पारड्याखाली मेण चिकटवलंय! (खोटं वाटत असेल तर वाटू द्या. ते दुकान आता नाही. दुकानदारही नाही. शिंक तेवढी अजून येते.)

तेव्हा ज्वालामुखी उद्यान पाहायला जायचं ठरलं आणि रात्री राहायचं कुठे असा प्रश्न निघाला, तेव्हा मी जेवता जेवता हात वर केला आणि म्हणालो, ते माझ्यावर सोडा. सगळ्यांनी सोडलं. इथेच घोळ झाला.

आता हा प्रश्न माझ्यासाठी एवढा नाजूक का होता, ते सांगायला मला चाळीस वर्षं मागे जावं लागेल. फार वेळ लागणार नाही.

मी नोकरीत नवा होतो. एका शाळेच्या प्रयोगशाळेतले तराजू तपासायला गेलो होतो. तिथे विज्ञान शिकवणाऱ्या बाई होत्या. बारीक अंगाच्या, सरळ भांगाच्या, आणि नजर अशी की समोरच्याने आपोआप हात मागे बांधावेत. भिंतीवर एका ज्वालामुखीचं रंगीत चित्र टांगलेलं होतं, खाली बारीक अक्षरात ‘कड्यावरच्या विश्रामघरातून’ असं छापलेलं. मला त्या बाईंशी चार शब्द बोलायचे होते आणि वजनांबद्दलचे माझे चारही शब्द संपले होते. म्हणून मी चित्राकडे बोट दाखवून विचारलं, हा कुठला डोंगर? त्या म्हणाल्या, ज्वालामुखी आहे, आणि याच वर्षी अकरा फेब्रुवारीला त्यातून फार मोठा धूर निघाला होता म्हणे.

माझ्या तोंडातून निघून गेलं, "अकरा फेब्रुवारीला? मी त्या रात्री तिथेच होतो. कड्यावरच्या विश्रामघरात."

मी तिथे नव्हतो. मी त्या उद्यानाच्या दोनशे मैलांच्या आतसुद्धा कधी फिरकलो नव्हतो. अकरा फेब्रुवारीला मी बहुतेक घरी सर्दीने आडवा पडलो होतो. पण एकदा पाय टाकलाच म्हटल्यावर मी मागे हटणारा नाही. अर्धा तास मी धुराचं वर्णन केलं. बाई एकटक बघत ऐकत होत्या. इतकं लक्ष देऊन की त्यांची नजर माझ्या डोळ्यांवर नाही, माझ्या कानांवर खिळली होती!

सहा महिन्यांनी आमचं लग्न झालं.

तेव्हापासून सगळं गाव त्यांना बाई म्हणतं म्हणून मीही बाईच म्हणतो. आणि ती गोष्ट मी चाळीस वर्षं सांगतोय. घरात कुठलाही समारंभ असो, चार नातेवाईक जमले की कुणीतरी म्हणतंच, ती ज्वालामुखीची होऊन जाऊ द्या. गोष्ट माझ्यासोबत वाढली. पहिल्या वर्षी नुसता धूर होता. दहाव्या वर्षी ठिणग्या आल्या. विसाव्या वर्षी लाव्हा विश्रामघराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचला, आणि तिसाव्या वर्षी मी एकट्याने बादलीभर पाण्याने तो परत पाठवला. मुलगी लहान असताना हट्टच धरायची, बाबा, चौथ्या पायरीपर्यंत आणा ना. पण मी मापाचा माणूस. तीन म्हणजे तीन.

या सगळ्यात एकच इसम कधी हसला नाही, की कधी त्याने टाळी वाजवली नाही. माझा मेव्हणा. बाईंचा धाकटा भाऊ. याचा धंदाच मुळी विम्याचे खोटे दावे हुडकण्याचा! कुणी म्हणालं माझं गोदाम जळलं, की हा जाऊन राख हुंगणार. मी गोष्ट सांगायला लागलो की हा कोपऱ्यात बसून मिटक्या मारत जेवणार, आणि शेवटी एकच प्रश्न विचारणार, "बादली कसली होती, भाऊजी? पत्र्याची की प्लॅस्टिकची?"

तर लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून कुठेतरी जायचं निघालं, आणि बाई शांतपणे म्हणाल्या की मला तुमचा तो ज्वालामुखी पाहायचाय. तुम्ही राहिला होतात तिथेच राहू.

मी हातातला घास परत ताटात ठेवला. मेव्हण्याचा चेहरा मात्र असा उजळला की जणू त्याच्या पोटात कुणी दिवा लावला असावा. तो म्हणाला, गाडी मी चालवतो. आणि मग सगळ्यांसमोर त्याने पैज लावली. तिथे भाऊजी राहिल्याचा एक जरी पुरावा मिळाला, तरी तो जन्मात पुन्हा शंका काढणार नाही. नाही मिळाला, तर यापुढे कुठल्याही समारंभात भाऊजींनी तोंड फक्त जेवायला उघडायचं.

"मान्य?" त्याने विचारलं.

माणसाचं काय काय जातं म्हातारपणी! दात जातात, केस जातात, ओळखीची माणसं जातात. माझ्याकडे गोष्ट तेवढी शिल्लक होती. ती गेली तर लग्नाकार्यात मला खुर्च्या मोजायला बसवतील. पण सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, मान्य. आणि लगोलग हात वर केला, "मुक्कामाची जागा मी ठरवणार."

माझा डाव साधा होता. उद्यानात राहायच्या जागा तीन. एक, कड्यावरचं जुनं लाकडी विश्रामघर, जिथे मी राहिलो होतो, म्हणजे नव्हतो. दुसरी, थंड झालेल्या लाव्ह्यावर ठोकलेले तंबू. आणि तिसरी, उद्यानाच्या फाटकाशी दोन वर्षांपूर्वी उघडलेलं काचेचं चकचकीत हॉटेल. आता तुम्हीच सांगा, खोटं बोललेल्या माणसाने कुठे राहावं? जिथे कुणाला काही आठवत नाही तिथे! दोन वर्षांच्या हॉटेलाला चाळीस वर्षांपूर्वीचं काय आठवणार? एकदा तिथे सामान टाकलं की पाय दुखतात, श्वास लागतो, असं म्हणत विश्रामघर लांबूनच दाखवायचं आणि परत फिरायचं.

पण हॉटेलच बरं, असं नुसतं म्हटलं असतं तर मेव्हण्याला वास लागला असता. म्हणून मी रीतसर कागद केला. दहा निकष काढले. पाणी, अंथरूण, जेवण, शांतता वगैरे. प्रत्येक निकषाला वजन दिलं आणि प्रत्येक जागेला गुण. आणि मग, सांगायला लाज वाटते, चौतीस वर्षं ज्यासाठी मी लोकांना दंड केला तेच केलं. पारड्याखाली मेण लावलं! लिफ्टला मी तीस गुणांचं वजन दिलं. खाली पुन्हा ‘जिना चढावा न लागणे’ याला वीस. ‘काचा स्वच्छ असणे’ याला पंधरा. तंबूला काचाच नसतात, तो बिचारा जागीच खलास. हॉटेल एकशे त्र्याहत्तर गुण मिळवून पहिलं आलं.

कागद मी जेवणाच्या टेबलावर ठेवला आणि निश्चिंतपणे आंघोळीला गेलो. ही चूक फक्त शिक्षिकेचा नवराच करू शकतो आणि शिक्षिकेच्या नवऱ्यानेच ती कधी करू नये. समोर गुणांचा तक्ता ठेवला आणि बाईंनी बेरीज तपासली नाही, असं चाळीस वर्षांत घडलेलं नाही.

मी टॉवेल गुंडाळून बाहेर आलो तर कागद लाल झाला होता. बाईंनी एक हातचा पकडला होता. लिफ्ट आणि जिना हा एकच प्रश्न दोनदा विचारलाय म्हणून एक उत्तर कापलं होतं. काचांसमोर लिहिलं होतं, ‘अभ्यासक्रमाबाहेर’. आणि खाली नवी बेरीज. कड्यावरचं विश्रामघर अर्ध्या गुणाने पहिलं.

"निकष तुमचेच आहेत," बाई चष्मा पुसत म्हणाल्या. "मी फक्त बेरीज केली."

त्यांनी तेवढ्यात मुलीला फोन करून खोल्याही राखून ठेवल्या होत्या. वर बॅगेत दोन लांब ब्लँकेटं भरत होत्या. मी विचारलं, ही कशाला? म्हणाल्या, तिथली ब्लँकेटं आखूड असतात. मी मनात म्हटलं, बघा! माझ्या गोष्टीत केवढी ताकद असेल! मी कधीतरी ओघात आखूड ब्लँकेट म्हणालो असेन आणि या बाईने ते खरं मानून मनात जपून ठेवलं!

निघालो. मेव्हणा गाडी चालवताना शीळ घालत होता. उद्यानाच्या फाटकावर त्याने माहितीपत्रक घेतलं आणि गाडी बाजूला लावून ते मोठ्याने वाचायला सुरुवात केली. ज्वालामुखीची उंची, विवराची रुंदी, दगडांची जात, सगळं. मी डुलक्या घेत होतो. मग त्याचा आवाज बदलला. त्यातली साय मला डोळे मिटूनही दिसली.

त्या विश्रामघराची म्हणे एक रीत आहे. मुक्कामी राहिलेल्या प्रत्येक गटातल्या एकाने सकाळी उठल्यावर विवराकडे पाहायचं आणि वहीत धूर लिहायचा. धूर जाड की बारीक, सरळ की कलता, कुठल्या दिशेला. खाली सही. त्याशिवाय सकाळचा चहा मिळत नाही! या रीतीला पन्नास वर्षं झाली आणि एकूण एक वही जपून ठेवलेली आहे.

"भाऊजी," मेव्हणा पत्रक घडी करत म्हणाला, "चाळीस वर्षांत तुम्ही या वहीबद्दल कधी बोलला नाहीत."

मी म्हणालो की त्या दिवशी मी चहा घेतला नव्हता.

बाई खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांचे खांदे थोडे हलत होते. रस्ता खडबडीत होता, दुसरं काय.

विश्रामघर दिसलं आणि मला दुसरा धक्का बसला. चाळीस वर्षं माझ्या गोष्टीत त्या घराचं छप्पर हिरवंगार होतं. इथे ते लालभडक! मेव्हण्याने ब्रेक दाबला, पण त्याने तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या, "नंतर रंगवलेलं दिसतंय." मला या बाईच्या भोळेपणाची इतकी कीव आली म्हणून सांगू! दारातून आत शिरताना त्यांनी मला मागून हाक मारली, अहो, डोकं सांभाळा, चौकट बुटकी आहे. मी वळून काय म्हणता म्हणेपर्यंत चौकट लागली.

कपाळाला हात लावून उभा होतो तेवढ्यात मालकीणबाई आल्या. ऐंशीच्या आसपासचं वय, अंगात तीन स्वेटर, आणि हातात चिमटा. विवराच्या कडेला राहून माणूस जसा थोडासा भाजका होतो तसा चेहरा. त्यांनी आमच्या दिशेने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाल्या, "चेहरा ओळखीचा वाटतोय."

मी छाती फुगवली. मेव्हण्याची शीळ थांबली. पुढे काय झालं मला माहीत नाही, कदाचित डोक्याला लागलेल्या चौकटीमुळे असेल, पण मी हसून म्हणालो, असणारच, आम्ही जुने पाहुणे आहोत. मालकीणबाई म्हणाल्या, हो का, मग जेवण झालं की जुन्या वह्या काढू. त्या समोरच्या कपाटात आहेत, वर्षांच्या चिठ्ठ्या लावलेल्या.

जेवणाला अजून तासभर होता. बाई खोली लावायला गेल्या. मेव्हणा विवराचे फोटो काढायला गेला. दिवाणखान्यात मी, ते कपाट, आणि शेकोटीशी पेंगणारे एक पाहुणे. ते गुरांचे डॉक्टर आहेत हे मला मागाहून कळलं. आधी कळायला हवं होतं.

मी कपाट उघडलं. दार असं कुरकुरलं की आत एखादं म्हातारं माणूस कोंडलेलं असावं. मालकीणबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या. मी घाईने म्हणालो, थंडी वाजतेय, ब्लँकेट शोधतोय. त्यांनी एक आणून दिलं. मी ते पांघरून पुन्हा कपाट उघडलं. पुन्हा कुरकुर, पुन्हा त्या, आणखी एक ब्लँकेट. तिसऱ्या वेळी त्यांनी ब्लँकेटासोबत गरम पाण्याची पिशवीही आणली आणि माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. चौथ्या वेळेला मी ब्लँकेटांचा एक चालता ढिगारा झालो होतो. पण त्या ढिगाऱ्यातून माझा हात बरोबर त्या वर्षाच्या चिठ्ठीवर पोहोचला. वही ओढली. जाडजूड, पुठ्ठ्याची. कोपरे पितळी. लपवायची कुठे? स्वेटरच्या आत! पोटाशी!

एव्हाना मालकीणबाईंनी घरभर सांगितलं होतं की नव्या पाहुण्यांना हुडहुडी भरलीय. बाई आल्या, मेव्हणा आला, आणि शेकोटीशी पेंगणारे डॉक्टर जागे झाले. मला धरून बाकावर आडवं केलं. मी म्हणत होतो, मला काही झालेलं नाही. सगळे म्हणत होते, असंच वाटतं. डॉक्टरांनी ब्लँकेटं एक एक करून उचलली आणि माझ्या पोटावर बोटं आपटली. टक, टक. त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी पुन्हा आपटली.

"असं कडक पोट मी फक्त एका म्हशीचं पाहिलंय," ते हळूच बाईंना म्हणाले. "तिने फळीचा तुकडा गिळला होता."

मेव्हण्याने विचारलं, मग म्हशीचं काय झालं? डॉक्टर म्हणाले, ते आता नको. आणि म्हणाले, यांना जरा कुशीवर वळवा. चौघांनी मला वळवलं. मी स्वेटर घट्ट धरून होतो, पण पितळी कोपरा बरगडीत असा घुसला की मला गुदगुल्या झाल्या! एकदा हसू आलं की मला आवरत नाही. मी हसलो, स्वेटर वर सरकला, आणि वही धप्पकन फरशीवर पडली.

डॉक्टर वहीकडे बघत होते. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत असं बाळंतपण झालं नसावं.

मेव्हण्याने वाकून चिठ्ठीवरचं वर्ष वाचलं. मग तो सरळ झाला. वीस वर्षं राख हुंगल्यावर त्याला एकदाचं जळतं घर सापडलं होतं. तो मालकीणबाईंना म्हणाला की माणूस खरा असता तर त्याने ही वही डोक्यावर घेऊन नाचवली असती, पोटाशी लपवली नसती. आता फक्त उघडून पाहायचं राहिलंय. आणि त्याने वहीला हात घातला.

त्याच्या आधी बाईंचा हात पोहोचला.

बाईंनी वही टेबलावर ठेवली. चष्मा लावला. एक एक पान उलटायला लागल्या. जानेवारी संपला. मी बाकावर उताणा पडून छताच्या फळ्या मोजत होतो. आता पुढच्या समारंभात माझी जागा कुठे असेल ते मला स्पष्ट दिसत होतं. दाराबाहेर, पाहुण्यांच्या चपला जिथे काढतात तिथे. फेब्रुवारी आला. सात. नऊ. दहा. बाईंचं बोट थांबलं.

"आहे," बाई म्हणाल्या.

मेव्हणा म्हणाला, काय आहे?

"अकरा फेब्रुवारीची नोंद." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली, वर्गात धडा वाचावा तशी, स्वल्पविरामाला थांबत. धूर फार मोठा, उभा, काळा. मध्यरात्रीनंतर ठिणग्या. लाव्हा कड्यावरून उतरून घराच्या तिसऱ्या पायरीपर्यंत आला असता इथे मुक्कामी असलेल्या एका तरुणाने, जो वजनमापे खात्यात नोकरीला आहे असं कळतं, प्रसंगावधान राखून पाण्याने तो थोपवला. "बादली पत्र्याची होती," बाईंनी शेवटचं वाक्य वाचलं आणि वही मिटली.

मेव्हणा मटकन खुर्चीवर बसला. त्याने एकदाच विचारलं, ताई, मी बघू का? बाईंनी त्याच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्या नजरेने त्या शाळेत तीन पिढ्या गप्प बसल्यात, आणि मेव्हणा तर त्यांच्याच वर्गात होता. "मी वाचलंय ना?" एवढंच त्या म्हणाल्या. तो उठला, माझ्याजवळ आला, आणि माझा हात हातात घेऊन म्हणाला की भाऊजी, चुकलो. गुरांच्या डॉक्टरांनी टाळी वाजवली. मालकीणबाई चिमट्याने शेकोटीतलं लाकूड हलवत राहिल्या. त्यांचेही खांदे हलत होते, आणि इथे तर रस्ताही खडबडीत नव्हता.

पण माझी हालत काय झाली असेल! वहीत नोंद आहे! मी जेवताना विचार करत राहिलो. चाळीस वर्षं आपण खोटं समजत होतो ते खरंच तर नव्हतं ना? आपण तिथे होतो? सर्दीत ग्लानी आली असेल आणि त्या ग्लानीत मी दोनशे मैल येऊन लाव्हा अडवून परत गेलो असेन? अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत मला बादलीची कडी हाताला लागल्याचंही आठवायला लागलं. झोप लागली ती एका शूर माणसाची झोप होती. ब्लँकेट मात्र आखूडच होतं, आणि दोन्ही लांब ब्लँकेटं बाईंनी घेतली होती.

पहाटे बाईंनी मला हलवून जागं केलं. धूर लिहायचाय म्हणाल्या. बाकी सगळं घर झोपलेलं होतं. आम्ही कड्याच्या कठड्याशी जाऊन उभे राहिलो. विवरातून एक पांढरी बट वर येत होती, किटलीच्या तोंडातून निघते तेवढी. बाईंच्या काखेत दोन वह्या होत्या. एक या वर्षीची, आणि एक ती.

"घ्या, वाचा तुमचा पराक्रम," म्हणून त्यांनी जुनी वही माझ्या हातात दिली.

मी घाईघाईने पान काढलं. अकरा फेब्रुवारी. त्या दिवशीची एकच नोंद होती, दोन ओळींची.

‘दाट धुकं. धूर दिसला नाही. काहीच दिसलं नाही. ब्लँकेट आखूड आहे, कृपया लक्ष द्यावे.’

पराक्रम नाही. ठिणगी नाही. बादली नाही, पत्र्याची नाही की प्लॅस्टिकची नाही. पण अक्षर! ते गोल गोल, रेघेला धरून बसलेलं अक्षर मी चाळीस वर्षं वाण्याच्या यादीवर आणि फ्रीजच्या दारावर पाहत आलोय. ‘कृपया लक्ष द्यावे’ याच्याखाली लाल रेघ होती. आणि त्याच्याही खाली बाईंची सही. माहेरच्या नावाची.

मी वर पाहिलं. बाई धुराकडे बघत होत्या.

मग त्यांनी सांगितलं, सावकाश. नोकरी लागली त्या वर्षी त्या मैत्रिणींबरोबर इथे आल्या होत्या. मेव्हणा तेव्हा चौथीत होता, त्याला कशाचा पत्ता नाही. घरभर मुलीच होत्या, कुणी तरुण वगैरे नव्हता. धुक्यात काही दिसलंच नाही म्हणून जाताना त्यांनी मालकीणबाईंकडून एक चित्र विकत घेतलं आणि प्रयोगशाळेत टांगलं.

"पण तुम्हीच म्हणालात," मी म्हणालो, "अकरा फेब्रुवारीला मोठा धूर निघाला म्हणून."

"म्हणाले. तुम्ही माझे तराजू तपासायला आला होतात. म्हटलं, आपणही माणूस तपासून बघावा."

मी खाली बसलो. कठडा होता म्हणून बरं.

"म्हणजे पहिल्याच दिवशी नापास," मी म्हणालो.

"सपशेल. पण खोटं बोलताना तुमचे दोन्ही कान हलतात. मी अर्धा तास पाहत होते." बाईंनी माझ्या गळ्याभोवतीचा मफलर कानांवरून नीट घेतला. "वाटलं, हा माणूस आपल्याला कधीच फसवू शकणार नाही. असा नवरा शोधून मिळत नाही."

मग माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडला. काल संध्याकाळी चार माणसांसमोर, दोन ओळींच्या त्या धुक्यातून, बाईंनी उभा काळा धूर, ठिणग्या, तीन पायऱ्या आणि पत्र्याची बादली वाचून काढली होती. न अडखळता. स्वल्पविरामाला थांबत. आणि कान? मी आठवून आठवून पाहिलं. एकही हलला नव्हता!

चौतीस वर्षं मी गावभरचे तराजू तपासत फिरलो, आणि घरातला काटा एकदाही तपासला नाही.

त्या दिवशी धूर बाईंनीच लिहिला. ‘बारीक, सरळ, समाधानकारक.’ मी फक्त सही केली, आणि चहा मिळाला.

पैज मी जिंकली. मेव्हणा शब्दाचा पक्का निघाला, आता तो शंका काढत नाही. उलट कुठल्याही समारंभात तोच उठून म्हणतो, ती ज्वालामुखीची होऊ द्या. पण पुढे म्हणतो, ताई, तू सांग, तू स्वतः वाचलंयस. आणि बाई सांगतात. काय सांगतात! गेल्या महिन्यात लाव्हा चौथ्या पायरीपर्यंत आला. गुरांच्या डॉक्टरांची म्हैसही त्यात आली, फळीसकट. लोक खुर्च्यांवरून पडले. मुलगी तर डोळे पुसत होती. मी कोपऱ्यात बसून होतो आणि मला आढळलं की मी अख्ख्या गोष्टीत तोंड उघडलं ते फक्त जेवायला.

हे सगळं मी तुम्हाला सांगितलं ते अक्षरशः खरं आहे. शंका असेल तर बाईंना विचारा, पण त्या बाजारात गेल्यात आणि त्या परत यायच्या आत मला संपवायला हवं. आणि कृपा करून माझ्या कानांकडे असं बघू नका. थंडीने हलतात ते.